डोलकाठी आणि सहा भोकांचं पिंप

त्या सकाळी धक्क्यावर जे काही होतं ते असं: सोळा फुटी कॅटामरान एक, म्हणजे दोन लांबोडकी पोटं आणि त्यांच्यामध्ये ताणून बसवलेलं जाळं. त्या जाळ्यावर आडवी निजलेली ॲल्युमिनियमची डोलकाठी एक, लांबी साडेसात मीटर, वजन पंधरा किलो. घडीची शिडी एक, फाकवून उभी केलेली. कप्प्या दोन. दोर दोन, पांढरा आणि निळा. चाळीस लिटरचं प्लास्टिकचं पिंप एक, बुडाला भोकं सहा. पाण्याने भरलेला टब एक, भरलेली बादली एक, मग एक. समितीचे सभासद पाच, त्यांतले एक खुर्चीत झोपलेले. यजमान एक. विहीणबाई एक, हातात मोजपट्टी. आणि दाढबाई एक, वय सहासष्ट, खांदे दोन, पैकी चालू एक.

दाढबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. चाळीस वर्षं त्यांनी दातांचा दवाखाना चालवला होता आणि नौकामंडळातल्या एकूण एक सभासदाची कुठली दाढ कधी किडली हे त्यांना तोंडपाठ होतं. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. दाढबाईंचं चाळीस वर्षं भरलं होतं. फक्त त्यापायी उजवा खांदा गेला. खुर्चीवर एका बाजूला वाकून वाकून तो असा काही आखडला की शेवटी ऑपरेशन करावं लागलं, आणि खांद्याच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, "चार किलो. उचला, ओढा, ढकला, डाव्या हाताने, उजव्या हाताने, काहीही करा, पण चार किलोंच्या वर नाही. चार म्हणजे चार."

निवृत्त झाल्यावर त्यांनी ही होडी घेतली. कारण विचारलं तर त्या सांगत की पाण्यावर गेलं की समोर कोणी आ करत नाही. चाळीस वर्षं खाली बघून झालं होतं. शिडाच्या होडीत माणसाला सतत वर बघावं लागतं. त्यांना ते इतकं आवडलं होतं की सुरुवातीला त्यांची मानच दुखायला लागली आणि त्याचासुद्धा त्यांना आनंद झाला.

आता ती होडी राहते की जाते, असा प्रश्न होता.

झालं होतं असं की गेल्या वर्षी मंडळातल्या एका म्हाताऱ्या सभासदाची डोलकाठी उभी करायला तीन दणकट सभासद धावून आले. तिघांनी मिळून काठी निम्मी वर नेली. मग तिघांनाही घाम आला. उरलेल्या दोघांनी धरलीच आहे अशा भरवशावर तिघांनीही एकाच वेळी घाम पुसला, आणि काठी अध्यक्षांच्या गाडीवर पडली. समितीने चौकशी केली. म्हाताऱ्याचा काहीच दोष निघाला नाही. अपघाताचं कारण मदत आहे, असा निष्कर्ष निघाला. तेव्हापासून नियम झाला: पासष्टी ओलांडलेल्या सभासदाने दरवर्षी आपली डोलकाठी एकट्याने, कुणाच्याही मदतीशिवाय उभी करून दाखवायची. दाखवली, तर धक्क्यावरची जागा त्याची. नाही दाखवली, तर जागा रांगेतल्या पुढच्याची.

रांगेतल्या पुढच्या होत्या विहीणबाई, दाढबाईंच्या लेकीच्या सासूबाई. वय साठ, रोज व्यायामशाळा, दंड असे की मंडळातले पुरुष त्यांच्याशी हात मिळवायच्या आधी अंगठी काढून ठेवत. त्यांची होडी इमारतीच्या गच्चीवर होती आणि खालच्या मजल्यावरच्यांनी त्यावरून बोलणं टाकलं होतं. दाढबाईंचं घर तर तिसऱ्या मजल्यावर आणि त्यांना गच्चीही नव्हती. धक्क्यावरची जागा गेली की होडी विकायची, दुसरी वाटच नव्हती.

"तुमची जागा जावी असं मला स्वप्नातसुद्धा वाटत नाही हो, विहीणबाई," असं म्हणत विहीणबाई होडीच्या मागून पुढे मोजपट्टी लावत होत्या. "आपलं सहज बघतेय. माझी जरा रुंद आहे."

"बघा ना. आपलंच आहे," दाढबाई म्हणाल्या. "फक्त त्या दोरावर पाय देऊ नका."

"नाही बाई. माझ्या पायाने तुमचं काही बिघडायला नको."

दाढबाईंनी तयारी महिनाभर आधी सुरू केली होती, तीही दिवाणखान्यात. केरसुणी म्हणजे डोलकाठी, स्टूल म्हणजे होडी, चहाचा मग म्हणजे पिंप. त्यांच्या लक्षात आलं की काठी उचलायची नसतेच. काठीचं बूड होडीला बोल्टने जोडलेलं असतं. दार जसं बिजागरीवर फिरतं तशी ती फिरवायची असते. पांढरा दोर काठीच्या मध्याच्या जरा वर बांधायचा, शिडीच्या डोक्यावरच्या कप्पीतून न्यायचा, मग धक्क्याच्या कडेवरच्या कप्पीतून खाली सोडायचा, आणि त्या टोकाला पिंप लटकवायचं. पिंपात मगामगाने पाणी ओतायचं. पिंप खाली जाईल, काठी वर येईल. एका मगात अर्धा किलोसुद्धा पाणी मावत नाही. डॉक्टरांच्या चार किलोंत आठ मग बसत होते.

अडचण पुढची होती. काठी आडवी असते तेव्हा सगळ्यात जड लागते; जसजशी उभी होते तशी हलकी होत जाते. सुरुवातीला जवळजवळ तीस लिटर पाणी लागणार, शेवटाला पाचही पुरे. तीस लिटर तसंच लटकत राहिलं तर काठी वर येता येता उधळणार आणि होडीसकट पाण्याकडे धाव घेणार. म्हणजे पिंपाचं वजनही वाटेत कमी होत जायला हवं.

म्हणून दाढबाईंनी पिंपाला भोकं पाडली. दवाखान्यातलं दाढ पोखरायचं जुनं यंत्र त्यांनी काढलं, पिंप मांडीवर उताणं घेतलं आणि बुडाला सहा भोकं कोरली, गोल, गुळगुळीत, एका मापाची. न्हाणीघरात भरून पाहिलं, घड्याळ लावून पाहिलं. पिंप अगदी हवं तसं गळत होतं.

दाढबाईंच्या यजमानांना मात्र ते बघवत नव्हतं.

यजमान गळती या गोष्टीचे जन्माचे वैरी होते. त्यांच्या घरात नळ ठिबकत नसे, छत पाझरत नसे, पेनसुद्धा गळत नसे. शेजाऱ्यांकडे जेवायला गेले तरी हात धुवायला म्हणून जायचे आणि तिथल्या नळाचा वायसर बदलून यायचे. असा माणूस आणि त्याच्याच न्हाणीघरात मुद्दाम गळकं केलेलं, धडधाकट पिंप. आधी त्यांनी मान फिरवली, मग पेपर वाचला, मग विचारलं, "हे असंच राहणार?"

"हो. ते गळायलाच हवं."

"किती?"

"जेवढं गळतंय तेवढं. अहो, तुम्ही या सगळ्यात कशालाही हात लावायचा नाही. नियमच आहे तसा. तुमची काडीची मदत झाली तरी जागा गेली."

"मी कशाला मदत करतोय," यजमान दुखावून म्हणाले.

तर अशी सगळी तयारी, आणि आता धक्का. चिटणीसांनी फक्कीने होडीभोवती भलंमोठं रिंगण आखलं, काठीच्या लांबीपेक्षा हातभर मोठं. धक्क्याची कड आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या रिंगणाच्या आतच आल्या.

"या रेघेच्या आत फक्त तुम्ही," चिटणीस म्हणाले.

"आणि होडी."

चिटणीसांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी मान डोलावली. "होडी चालेल."

"हे टबातलं पाणी मंडळाच्या नळाचं आहे," दुसऱ्या एका सभासदाने शंका काढली. "नळ मंडळाचा, म्हणजे मंडळाची मदत झाली की."

"नळाला हात नसतात," अध्यक्ष म्हणाले, आणि तो मुद्दा तिथेच मिटला.

वाऱ्याचाही प्रश्न निघाला. मागून वारा आला तर तो काठीला ढकलणार, ती मदत. समोरून आला तर अडथळा. अडथळ्याला नियमात बंदी नव्हती. चिटणीसांनी रुमाल वर धरला. रुमाल सरळ खाली लोंबला. सगळ्यांना हायसं वाटलं.

दाढबाई धक्क्याच्या कडेला छोट्या स्टुलावर बसल्या. डावीकडे टब, उजवीकडे बादली. टब संपला तर असावी म्हणून ती काठोकाठ भरून ठेवलेली. निळा दोर हा लगाम होता: काठीपासून निघून मागच्या लोखंडी खुंटाला अर्धा वेढा घेऊन तो परत त्यांच्या हातात येत होता. काठी घाई करायला लागली तर हा दोर आवळायचा. पिंप गळणार असल्यामुळे अर्धा वेढा भरपूर झाला असता. दोराच्या टोकाला त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेतला असतो तसा ताणकाटा बांधला होता. चार किलोंवर लाल खूण केली होती. डॉक्टरांना दिलेला शब्द त्यांना नजरेसमोर लागे.

त्यांनी पहिला मग ओतला.

"जोर लावा," खुर्चीतले झोपलेले सभासद डोळे न उघडता म्हणाले.

चिटणीस दचकले. "अध्यक्ष, सल्ला म्हणजे मदत होते का?"

अध्यक्षांनी विचार केला. त्यांच्या गाडीचा टप अजून चेपलेलाच होता, त्यामुळे या विषयात ते हलगर्जीपणा करत नसत. "उपयोगी सल्ला ही मदत. निरुपयोगी सल्ल्याला हरकत नाही."

"आणि चुकून कोणी उपयोगी दिला तर?"

"तर सभासदाला त्याप्रमाणे वागता येणार नाही. वागला की बाद."

हे ऐकून मंडळी सैलावली. उंटावरून शेळ्या हाकायला इतकी अधिकृत परवानगी त्यांना आजवर कधी मिळाली नव्हती.

"बूट काढून बघा," एक जण म्हणाला.

"डोळे मिटून ओता."

"पाणी जरा कोमट हवं होतं."

"माझ्या मेव्हण्याने अशीच काठी उभी केली होती. पण ती तंबूची होती."

"कर्ज काढून मोटारबोट घ्या."

दाढबाई मग ओतत राहिल्या. आ केलेल्या माणसाच्या बडबडीकडे दुर्लक्ष करायची त्यांना सवय होती. पिंप भरत आलं, पांढरा दोर ताठ झाला, शिडी किंचित कण्हली. आणि मग एक मग असा आला की काठीचं टोक ज्या लाकडी घोडीवर टेकलं होतं तिथून टक असा आवाज झाला. टोक अधांतरी होतं. मध्ये बोटभर उजेड दिसत होता.

सल्ले थांबले. आणखी एक मग. पिंप धक्क्याच्या कडेखाली सरकलं, काठी वर चढू लागली. साडेसात मीटरची ती काठी एका हातात मग धरलेल्या बाईपुढे आपणहून उठत होती, वर्गात शिरणाऱ्या बाईंना बघून उठणाऱ्या मुलासारखी. यजमानांनी टाळी वाजवायला हात उचलले, मग टाळी मदतीत मोडेल की काय या भीतीने खिशात घातले.

काठी अर्ध्यावर आली आणि दाढबाईंचे कान टवकारले. काहीतरी ऐकू यायला हवं होतं ते येत नव्हतं. न्हाणीघरात पिंप सहा धारांनी गळताना एक विशिष्ट आवाज यायचा. त्यांनी कडेवरून खाली पाहिलं. पिंप दीड मीटर खाली लटकत होतं आणि त्याच्याखालचं पाणी आरशासारखं गप्प होतं.

निळा दोर हातात भरू लागला. ताणकाट्यावर अडीच, पावणेतीन, तीन. त्यांनी दोर आवळून काठी थांबवली.

"अहो," त्या मान न वळवता म्हणाल्या, "पिंप गळत नाहीये."

"नाही ना?" रेघेपलीकडून यजमानांचा आवाज आला. त्यात अशी तृप्ती होती की दाढबाईंना पुढचं सगळं कळून चुकलं.

"काय केलंत?"

"काल तू आंघोळीला गेलीस तेव्हा सहाही भोकं बुजवली. आज लोकांसमोर गळकं पिंप घेऊन जायचं म्हणजे बरं दिसतं का? लोक म्हणतील, घरात बाप्या माणूस आहे की नाही."

"कशाने बुजवलीत?"

"तुझ्याच सिमेंटने. कपाटातलं दातांचं. वरून घासूनही काढलं, जिभेला लागू नये असं."

"पिंपाला जीभ नसते."

"तू मला तसंच शिकवलं होतंस."

चिटणीस रेघेपर्यंत धावत आले. "अध्यक्ष, ही मदत धरायची का?"

"आत्ता काही धरू नका," दाढबाई म्हणाल्या. "दोर मी धरलाय."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करायची. काटा सव्वातीनवर होता. आता काठी एक बोटभर वर गेली की ओढ आणखी वाढणार; थांबून राहिलं तर हाताला कळ लागणार. इलाज सोपा होता आणि तो त्यांना एव्हाना सुचलाही होता. निळ्या दोराचा खुंटाभोवती आणखी एक पुरा वेढा घालायचा. खुंट बाकीची ओढ पोटात घेईल, हातात पाव किलोसुद्धा येणार नाही. त्या उठायच्या बेतात होत्या.

"विहीणबाई," रेघेपलीकडून गोड आवाज आला, "त्या खुंटाला दोराचा अजून एक वेढा घाला."

झोपलेल्या सभासदांनी डोळे उघडले.

"हा सल्ला," चिटणीस अडखळत म्हणाले, "उपयोगी आहे का?"

सगळ्यांनी खुंटाकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं. सकाळपासूनचा हा पहिलाच शहाणपणाचा शब्द होता, त्याबद्दल दुमत नव्हतं.

"तुम्ही हा उपयोगी म्हणून दिलात की निरुपयोगी म्हणून?" अध्यक्षांनी विहीणबाईंनाच विचारलं.

"मी आपलेपणाने दिला," विहीणबाई म्हणाल्या. "माझ्याने बघवेना. त्यांना लागलं-खुपलं तर माझ्या सुनेला काय वाटेल?"

दाढबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तोंड दुखत नाही म्हणत असतं तेव्हा डोळे काय म्हणतात हे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. पण इथे त्यांना निदान करता येईना. काळजी दिसत होती, खरी दिसत होती. हातातली मोजपट्टीही दिसत होती. त्या दोघींतली खरी कोणती, हे विहीणबाईंना स्वतःलाही ठाऊक नसावं.

"सल्ला उपयोगी आहे," अध्यक्ष जड आवाजात म्हणाले. "वेढा घालता येणार नाही."

"मला तो आधीच सुचला होता."

"पण बोलल्या त्या."

काटा साडेतीनवर आला. आणि खुंट हाकेच्या अंतरावर उभा असून परका झाला.

दाढबाईंनी आजूबाजूला पाहिलं. उजवीकडे बादली, भरलेली, बारा किलोंची. डाव्या हाताने दोर धरून त्यांनी उजव्या हाताच्या तीन बोटांनी निळ्या दोराची शेपटी बादलीच्या कडीतून ओवली आणि टाका घालतात तशी गाठ मारली. हिरडीला टाके घालताना दुसरा हात नेहमीच कुणाच्या तरी जिभेशी झुंजत असायचा. एका हाताची गाठ ही त्यांच्यासाठी रोजची गोष्ट होती. मग त्यांनी दोर हळूच सोडला. बादली धक्क्यावर कर्रर करून दोन बोटं सरकली आणि थांबली.

"बादली चालेल?" एकाने कुजबुजत विचारलं.

"बादली आत आहे," चिटणीस म्हणाले. "त्यांचीच आहे."

दाढबाई पायऱ्या उतरल्या. त्यांच्या खिशात दवाखान्यातली एक जुनी आकडी असायची, टोकदार, वाकडी. कधी दाताला लावलेलं ते हत्यार आता दोरांच्या गाठी सोडवायला चांगलं पडायचं. पिंप त्यांच्या डोक्याच्या उंचीवर लटकत होतं. त्या ओल्या पायरीवर बसल्या, पिंपाच्या बुडाखाली मान वाकडी केली, आणि सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, "आ करा."

मग त्यांनी बूड पाहिलं आणि त्या क्षणभर थबकल्या. काम सुरेख होतं. सहाही भोकं काठोकाठ भरलेली, कुठे फट नाही, कुठे उंचवटा नाही. नखाने चाचपलं तरी जोड लागत नव्हता. लग्नाला चाळीस वर्षं झाली आणि यजमानांनी आपलं काम इतकं लक्ष देऊन पाहिलं असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

"चांगलं भरलंय," त्या वर ऐकू जाईल असं म्हणाल्या.

"मग काढू नकोस ना," यजमान कळवळून म्हणाले.

त्यांनी आकडी लावली. पहिलं सिमेंट आख्खं निघालं, मण्यासारखं, आणि पाण्याची धार सरळ त्यांच्या बाहीत शिरली. दुसऱ्याला वेळ लागला.

"हळू, डॉक्टर, हळू. कड तुटेल," वरून यजमान.

"हा सल्ला?" चिटणीस.

"निरुपयोगी," खालून दाढबाई.

तिसरं निघालं. चौथ्याला त्यांनी दोन बाजूंनी हात घातला पण ते हलेना. यजमानांनी त्यावर विशेष जीव ओतला असावा. तेवढ्यात वर बादली पुन्हा कर्ररली, या वेळी लांबलचक. दाढबाई चौथं सोडून पायऱ्या चढून आल्या. बादली वीतभर सरकली होती आणि स्टुलाला टेकली होती. त्यांनी दोर हातात घेतला, गाठ सोडली. काटा पावणेचारवर होता. तो तिथे थरथरला, मग साडेतीन झाला, मग सव्वातीन. खाली तीन धारा पाण्यावर वाजत होत्या.

त्यांनी दोर बोटाबोटाने सोडायला सुरुवात केली. काठी चढू लागली. तीन. अडीच. काठी उभी होत गेली, बाजूचे दोन्ही ताण, म्हणजे काठीला डावीउजवीकडून आणि जरा मागून धरणाऱ्या तारा, हळूहळू सरळ झाल्या आणि शेवटी टुंग असा बारीक आवाज आला. काठी थांबली. सगळ्यांच्या माना वर होत्या.

आता फक्त पुढचा ताण राहिला होता. ती तिसरी तार होडीच्या नाकाशी नेऊन कडीत खीळ घातली की काठी तिन्ही बाजूंनी पक्की. तोवर तिला पुढे ओढून धरणारं एकच होतं, पांढऱ्या दोराचं पिंप. दाढबाई नाकाशी वाकल्या. तार कडीला लावली. खीळ भोकाशी आणली, आणि समोरून वाऱ्याची झुळूक आली.

डोलकाठी मागे कलली. थोडीच, हातभर. मग पांढरा दोर ताठ झाला, पिंपाने तिला ओढलं, आणि ती परत जागेवर आली.

दाढबाई खीळ हातात धरून तशाच वाकून राहिल्या. त्यांनी खाली पाहिलं. पिंपात अजून दहाएक लिटर पाणी असावं. मग त्यांनी मनात हिशेब मांडला. सहाच्या सहा भोकं उघडी असती तर आत्तापर्यंत पिंप रिकामं झालं असतं. काठी वर कशी न्यायची याचं गणित त्यांनी महिनाभर केलं होतं; वर गेल्यावर, खीळ बसेपर्यंत, ती धरायची कोणी, हे गणितात कुठेच नव्हतं. दिवाणखान्यात वारा नसतो. रिकाम्या पिंपाने ही झुळूक पेलली नसती. काठी जशी आली तशी मागे गेली असती.

त्यांनी खीळ आत ढकलली. ती बसली.

"झालं," त्या उभ्या राहून म्हणाल्या.

समिती रेघेपाशी गोळा झाली. चिटणीसांनी घसा साफ केला. "एकच विचारायचं आहे. कोणाची मदत झाली का?" आणि ते यजमानांकडे वळले. "तुम्ही मदत केलीत?"

"मी?" यजमान म्हणाले. "बायको सकाळपासून माझ्याकडे कशी बघतेय ते बघताय ना तुम्ही? मदत केली असती तर अशी बघत असती का?"

समितीतले पाचही जण लग्न झालेले होते. हा पुरावा त्यांना बिनतोड वाटला. चिटणीस पुढे जाणार, तोच दाढबाई म्हणाल्या, "झाली."

"काय झाली?"

"मदत. भोकं बुजवली नसती तर शेवटी काठी पडली असती. माझं गणित चुकलं होतं."

विहीणबाईंच्या हातातली मोजपट्टी सर्रकन आत गेली. यजमानांनी कपाळाला हात लावला. "अगं, तुला कोणी विचारलं होतं?"

"त्यांनीच विचारलं."

गप्प बसता आलं असतं. पण चुकलेलं निदान वरून भरून टाकलं की दाढ आज गप्प बसते आणि उद्या बोलते, हे त्यांनी फार वेळा पाहिलं होतं. जागा राहिली असती, आणि दरवर्षी त्या जागेवर येऊन त्यांना वर बघायचं होतं. वर बघताना खाली बघितल्यासारखं वाटून चाललं नसतं.

समिती बाजूला गेली. पाच जणांचं कुजबुजणं बराच वेळ चाललं. एक जण दोनदा पिंप बघायला रेघेपर्यंत जाऊन आला. शेवटी अध्यक्ष पुढे आले.

"यजमानांनी गळती थांबवली," ते म्हणाले. "गळती थांबवणं ही पिंपाला केलेली मदत आहे. पिंप सभासद नाही. पिंपाला कोणीही मदत करू शकतं."

"पण पिंपाने मला केली," दाढबाई म्हणाल्या.

"तो त्याचा आणि तुमचा प्रश्न. तरी एक अट आहे. पिंप सोडवून टाका. काठी तुमच्या एकटीच्या कामावर उभी राहिली पाहिजे. मग मोजू. लंबापासून पाच अंशांपर्यंत कल चालतो. त्याच्या पलीकडे गेली, किंवा पडली, तर जागा यांची."

मग, बहुधा पुन्हा आपलेपणाने, विहीणबाई म्हणाल्या, "विहीणबाई, खीळ नीट बसलीय का एकदा बघता का?"

"हा सल्ला—" चिटणीसांनी सुरुवात केली.

"उपयोगी आहे," दाढबाई म्हणाल्या. "म्हणून बघत नाही."

त्या शिडीपाशी आल्या. पांढऱ्या दोराची गाठ इतकी आवळली होती की बोटांना दाद देईना. त्यांनी खिशातली आकडी काढली, गाठीत खुपसली आणि हलकेच पीळ दिला. रेघेबाहेरची मंडळी दोन पावलं मागे सरली. अध्यक्षांनी मान वळवून आपली गाडी कुठे आहे ते पाहून घेतलं. यजमान मात्र रेघेच्या अगदी कडेला उभे राहिले, बुटांची टोकं फक्कीत, हात अजून खिशातच.

गाठ सुटली. दोर कप्पीतून सळसळत गेला, पिंप धबकन पाण्यात पडलं, आणि होडी दोन्ही पोटांवर एकदा हलली.

चिटणीस लंबकाची दोरी आणि कोनमापक घेऊन रेघ ओलांडून आत गेले. त्यांनी दोरी काठीला लावली. लंबक झुलायचा थांबेपर्यंत ते गुडघ्यांवर बसून राहिले. मग वाकून आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि मोठ्याने सांगितला.

लंबापासून सव्वादोन अंश, मागच्या बाजूला.